वाचकांचे प्रश्न : शून्य न नेणारा पोप

प्रश्न : सहावीच्या वर्गाला जुन्नरजवळच्या नाणेघाटात नेणार आहे. ‘भारतीय अंक आणि शून्य युरोपात एका पोपने नेलं’ असं मुलांनी मोबाइलवर वाचलंय. हे कितपत खरं? त्याची आकडेमोडीची पाटी वर्गात करता येईल का?
– एक शिक्षिका, कर्वेनगर, पुणे

उत्तर : अंकांपुरतं बरंचसं खरं, शून्यापुरतं साफ खोटं. हा पोप म्हणजे दुसरा सिल्व्हेस्टर, मूळचा गर्बर्ट. दहाव्या शतकात फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलच्या शाळेत शिकवत असताना त्याने ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून एक पाटी करून घेतली. तिला २७ रकाने होते आणि सोबत शिंगाच्या १००० सोंगट्या. हा तपशील त्याचा शिष्य रिशेर याने लिहून ठेवलाय. सोंगट्यांवर नऊ अंकांची चिन्हं असत. भारतातून अरबांकडे आणि तिथून स्पेनपर्यंत पोचलेले हे अंक. उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दाच्या मठात ९७६ साली पुऱ्या झालेल्या पोथीतही तेच नऊ आहेत, शून्य नाही.

पाटीवर शून्य लागतच नव्हतं, कारण रिकामा रकाना हेच शून्याचं काम करी.

वर्गासाठी २७ रकान्यांचा हट्ट नको. पुठ्ठ्यावर चार उभे रकाने आखा : हजार, शतक, दशक, एकक. १ ते ९ प्रत्येकी चार, अशा ३६ सोंगट्या कापा. आता ४६ गुणिले २३ करू. दशक गुणिले दशक म्हणजे शतक, म्हणून ४ × २ = ८ ची सोंगटी शतकात. ४ दशक × ३ एकक = १२ दशक : शतकात १, दशकात २. ६ एकक × २ दशक = पुन्हा १२ दशक : पुन्हा शतकात १, दशकात २. शेवटी ६ × ३ = १८ : दशकात १, एककात ८. मग रकाने आवरा. दशकातल्या २, २, १ उचलून ५ ची एक ठेवा. शतकातल्या ८, १, १ मिळून दहा झाल्या. त्या तिन्ही उचला आणि हजारात १ ठेवा. पाटीवर उरलं : १, रिकामा, ५, ८. म्हणजे १०५८. आता मुलांना सांगा, हे रकान्यांशिवाय वहीत उतरवा, पण शून्य वापरायचं नाही. १५८ लिहून बसतील! शून्याची गरज तिथे डोळ्यांना दिसते. गर्बर्टच्या काळी उत्तर रोमन अंकांत उतरवत, त्यामुळे ही अडचण येत नसे.

चुका ठरलेल्या असतात. मुलं मण्यांच्या पाटीसारखं पाचासाठी पाच सोंगट्या मांडतात. आवरल्यावर एका रकान्यात एकच सोंगटी उरली पाहिजे. दुसरी चूक, गुणाकार बरोबर पण रकाना चुकीचा. तिसरी, गोल सोंगटी उलटी पडते; म्हणून अंकाखाली रेघ मारा. जुन्या हस्तलिखितांत काही अंक वळलेले दिसतात, त्याचं एक कारण हेच मानतात. आणि सोंगट्या उचलल्या की मधल्या पायऱ्या गेल्या, चूक शोधायची तर सगळं पहिल्यापासून. कागदावरच्या शून्यासकट रीतीने पुढे या पाटीला मागे टाकलं त्यामागे ही एक गोष्ट होतीच. ती रीत युरोपात बाराव्या शतकातल्या अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांतून आणि इटालियन गणितज्ञ फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकातून रुजली.

नाणेघाटात अंक दाखवाल तेव्हा हेही सांगा की त्या सातवाहन लेखातही शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहा, शंभर, हजार यांना तिथे वेगवेगळी चिन्हं आहेत.

प्रश्न : गणित शिकवणारा साधू पोप कसा झाला? तेव्हा निवडणूक नव्हती का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : आज आपण ऐकतो ती कार्डिनलांची बंद दाराआडची निवडणूक पुष्कळ नंतरची. गर्बर्टला वर नेलं ते विद्येने आणि सम्राटांच्या ओळखीने; दुसरं जरा जास्तच. ओरियाकच्या मठातल्या या तरुणाला ९६७ च्या सुमारास बार्सिलोनाचा सरदार बोरेल शिकायला कॅटालोनियात घेऊन गेला. तिथून रोम, मग रँस. ९८३ च्या सुमारास जर्मनी-इटलीचा सम्राट दुसरा ऑटो याने त्याला इटलीतल्या बोब्बिओ मठाचा प्रमुख केलं. मठाच्या जमिनी आधीच इतरांच्या घशात गेलेल्या, त्यात सम्राट वारला; गर्बर्ट रँसला परतला. ९९१ मध्ये तिथल्या आर्चबिशपला, आर्नुल्फला, काढून याला बसवलं, पण रोमने ते कधी मानलं नाही. शेवटी गर्बर्ट पुढच्या तरुण सम्राटाचा, तिसऱ्या ऑटोचा, गुरू झाला. ९९८ मध्ये राव्हेन्नाचा आर्चबिशप आणि ९९९ च्या एप्रिलमध्ये पोप, पहिला फ्रेंच पोप. रँस, राव्हेन्ना, रोम : तिन्ही ‘र’ वर तेव्हाच एक लॅटिन ओळ रचली गेली होती.

गंमत म्हणजे पोप झाल्यावर त्याने त्याच आर्नुल्फला रँसची गादी कायम करून दिली.

प्रश्न : तो जादूगार होता, बोलणारं पितळी मुंडकं बाळगायचा, हे खरं का?
– एक वाचक, कॅम्प

उत्तर : नाही. या कथा त्याच्या मृत्यूनंतरच्या. पोपच्या विरोधकांनी अकराव्या शतकात सुरू केल्या, बाराव्यात इंग्रज इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरीने मीठमसाला लावला. मुंडक्याने त्याला सांगितलं म्हणे, ‘यरुशलेममध्ये मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) केल्याशिवाय मरणार नाहीस.’ तो निर्धास्त झाला, पण रोममधल्याच एका चर्चचं नाव यरुशलेम होतं. त्या चर्चचं नाव खरंच तसं आहे, सांता क्रोचे इन जेरुसलेम्मे. पोप वारला १२ मे १००३ ला, रोममध्येच.