ओपन ऑफरचं पत्र आलंय? थांब जरा

बाबू, कंपनीत मोठा हिस्सा घेणारा बाकीच्या भागधारकांचे शेअर ठरल्या भावाने विकत घ्यायला तयार होतो, ती ओपन ऑफर. तिच्यावर ‘रत्नागिरीच्या कोर्टातून स्टे (स्थगिती) आणता येईल का?’ असं विचारलंस. नाही येणार. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था; तिच्या कायद्याचं कलम 15वाय आडवं येतं. जे सेबीचा निर्णय अधिकारी किंवा सॅट (सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण) ठरवणार, त्यात दिवाणी कोर्टाला दावाही ऐकता येत नाही नि मनाईहुकूमही देता येत नाही. सेबीच्या आदेशावर अपील करायचं ते मुंबईला सॅटमध्ये, 45 दिवसांत. पुढे सुप्रीम कोर्ट, तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर.

वकिलाकडे धावण्याआधी डिस्क्लोजर, म्हणजे कुणाकडे किती शेअर ही जाहीर माहिती, वाच. कंपनीत कुणाचे 5 टक्के शेअर झाले की कामकाजाच्या दोन दिवसांत एक्सचेंजला (शेअर बाजाराला) कळवावं लागतं. नंतर 2 टक्क्यांहून जास्त फरक पडला की पुन्हा. 25 टक्क्यांची वेस गाठली की किमान 26 टक्क्यांसाठी ओपन ऑफर. म्हणून एकट्याचा आकडा बघू नकोस. मेहुणा, भाचा, चार चिल्लर कंपन्या आणि सगळ्यांचा पत्ता एकाच मजल्यावरचा, असं दिसलं तर सगळे मिळून घेतायत असं समजून बेरीज कर. हापूसच्या पेटीचा वरचाच थर बघून आपण भाव करतो काय?

मी एकदा ‘स्टे मिळाला’ ही आवई ऐकून शेअर फुंकून टाकले. एक्सचेंजच्या साइटवर तसा कागदच नव्हता. बायको अजून टोमणे मारते.

आणि पहिल्याच दिवशी टेंडर करू नकोस, म्हणजे ऑफरमध्ये शेअर देऊन टाकू नकोस. मुदत कामकाजाच्या 10 दिवसांची असते, दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत. पण शेवटच्या दुपारपर्यंतही ताणू नकोस. पावसात आपल्याकडची लाईट तुला ठाऊकच आहे.