भिंती आहेतच, मग घर घेताना मोजणी कशाला?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरलगत पाचगावात दोन गुंठ्यांवरचं जुनं घर पसंत पडलंय, चारी बाजूंनी कंपाऊंड आहे, विकणारे म्हणतात मोजणीला उगाच पैसे घालवू नका. तर काय करावं?

मोजणी करून घ्या. भिंत कुणीतरी, कधीतरी, आपल्या सोयीनं बांधलेली असते. ती हद्दीवरच असेल असं काही नाही. मला हे कळलं ते घर घेऊन दोन वर्षं झाल्यावर.

माझंही असंच, मोरेवाडीच्या बाजूला दोन गुंठे आणि त्यावर जुनं घर. खरेदीआधी मेहुण्याला घेऊन टेप लावली. रस्त्याकडून 33 फूट, चोख. लांबी 66, तीही चोख. (गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट. म्हणून आपल्याकडच्या जुन्या प्लॉटांत हे आकडे सारखे भेटतात.) मागची बाजू तेवढी राहिली. तिथं कोंबड्यांचं खुराडं होतं आणि मेहुण्याला जेवायची घाई. पुढं वरचा मजला काढायचा म्हणून इंजिनिअरनं माप घेतलं, तर मागं 30 फूटच. रस्त्यापासून निघालेली भिंत मागं जाईल तशी आत सरकत गेलेली. 66 गुणिले 3, त्याचं निम्मं, म्हणजे 99 चौरस फूट. एक खोलीच की!

शेजारच्या काकांनी कारण सांगितलं. मागच्या कोपऱ्यावर जांभूळ होतं. ते तोडवेना म्हणून माझ्या आधीच्या मालकानंच दोरी आत धरून भिंत घातली. जांभूळ कधीच गेलं, भिंत राहिली. माझ्या खरेदीखतात चतुःसीमा नीट लिहिलेली होती, पण ‘पूर्वेस अमुक यांची मिळकत’ एवढंच. त्यात फूट नसतात.

आता तुमचं. मोजणीचा अर्ज खातेदारानं करायचा असतो. तुम्ही अजून मालक नाही, म्हणजे अर्ज विकणाऱ्यांच्या नावानं जाणार. फी हवी तर तुम्ही भरा, पण बयाणा देतानाच साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) लिहून घ्या की ‘हद्द कायम’ मोजणी, म्हणजे हद्दीच्या खुणा दाखवणारी सरकारी मोजणी, झाल्यावर आणि जागा मापात पुरी भरल्यावरच खरेदी. या एका ओळीला कुणी फार आढेवेढे घेऊ लागलं, तर मी तरी तिथंच थांबेन.

अर्ज भूमी अभिलेख खात्याकडं, ऑनलाइनही होतो. फी क्षेत्रावर आणि तुम्हाला किती घाई आहे त्यावर. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, मग भूकरमापक येतो. हल्ली साखळी आणि फळी जाऊन उपग्रहाच्या मदतीनं मोजणारा रोव्हर आलाय, काम पटकन होतं. (शेताला मात्र ऊस उभा असला की सगळंच खोळंबतं.) तो खुणा दाखवेल तिथं त्याच दिवशी दगड रोवा, फोटो काढा. नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते, ती जपा. खाजगी सर्व्हेअरकडून आधी अंदाज घ्यायला हरकत नाही, पण वाद झाला तर सरकारी मोजणीच लागते. तीही मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना, म्हणजे फेरतपासणीची मोजणी मागता येते.

भूकरमापक फक्त हद्द दाखवतो, कुणाची भिंत पाडत नाही. अतिक्रमण निघालं आणि शेजारी ऐकेना, तर पुढं दिवाणी कोर्ट. म्हणून हे खरेदीआधी.

पाचगावात याहून मोठी भानगड वेगळीच असू शकते. सातबारा बघा. एकाच गटावर (गट नंबरावर) दहा-पंधरा नावं आणि पोटहिस्सा, म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा तुकडा, पडलेला नाही, असं असेल तर एकट्या तुमच्या दोन गुंठ्यांची हद्द मोजणार कुठून? बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती लागते. गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जुन्या जमिनींत हे सर्रास आहे. एन.ए. (बिगरशेती) होऊन मंजूर ले-आऊट असेल तर चिंता कमी. शहरात राजारामपुरी, शाहूपुरीकडं सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सिटी सर्व्हेचा नकाशा बघतात, तिथं क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं.

आमच्या भिंतीला तेव्हा दहा वर्षं झाली होती. वकील म्हणाले, 12 वर्षं उघडपणे मालक म्हणून ताबा राहिला की शेजारी त्या पट्ट्यावर हक्क सांगू शकतो, आत्ताच लिहून घ्या. काकांसमोर विषय काढायला मला महिना लागला. मोजणीच्या दिवशी त्यांनीच चहा केला. मग स्टॅम्पपेपरवर लिहिलं: हद्द दगडाची, भिंत पडेल तेव्हा नवी दगडावर. भिंत अजून आहे तशीच आहे. वरचा मजला मी मागं तीन फूट आत घेऊन काढला.