आयनांचे ‘विसरण’ की ‘प्रसरण’?

प्रश्न असा आहे : इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतल्या एका प्रबंधाचं शीर्षक मराठीत ‘तीव्र हॅलाइड इलेक्ट्रोलाइटमध्ये तांब्याच्या आयनांचे प्रसरण’ असं केलं आहे. (आयन म्हणजे विद्युतभारित कण, हॅलाइड म्हणजे क्लोराइड, ब्रोमाइड यांसारखे क्षार, इलेक्ट्रोलाइट म्हणजे आयनांमुळे वीज वाहून नेणारा पदार्थ.) ‘डिफ्यूजन’साठी ‘विसरण’ हा शब्द ठाऊक आहे, पण तो वाचला की विसरभोळेपणाच डोळ्यांपुढे येतो. मग ‘प्रसरण’ का नको?

नकोच. उष्णतेने रूळ लांबतात, पारा वर चढतो, ते प्रसरण. ‘आयनांचे प्रसरण’ म्हटलं तर आयन फुगले असा अर्थ निघेल, आणि शाळेत विज्ञान मराठीतून शिकलेला प्रत्येक वाचक तोच अर्थ घेईल.

‘विसरण’बद्दलचा संकोच मात्र समजण्यासारखा आहे. आठवण जाणे या अर्थाचं ‘विसरणे’ आलं ‘वि + स्मृ’ पासून. प्राकृतात ‘स्म’ झिजला आणि ‘विसर’ उरलं. शास्त्रातलं ‘विसरण’ थेट संस्कृतातून उचललेलं, ‘वि + सृ’ पासूनचं. सृ म्हणजे सरकणे. प्रसरण, अभिसरण, परासरण, अपसरण ही त्याची भावंडं. (विसर्ग आणि विसर्जन यांचा धातू सृज्, म्हणजे तिसरंच कूळ.) दोन वेगळी घराणी मराठीत एका रूपावर येऊन थांबली, एवढंच. नाम म्हणून वापरताना अडचण येत नाही. क्रियापद करायला जाल तर फसाल : ‘आयन विसरतात’ असं लिहू नका, ‘आयनांचे विसरण होते’ असंच लिहा. गंमत म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पहिलं वाक्यही अगदीच खोटं नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात भटकणाऱ्या आयनाला मागचं पाऊल कुठल्या दिशेला पडलं होतं याची काही स्मृती नसते.

या विषयात ‘विसरण’ काटेकोरपणे वापरायला आणखी एक कारण आहे. द्रावणातला आयन इलेक्ट्रोडपर्यंत तीन वाटांनी पोचतो. द्रावण ढवळलं गेलं तर त्याच्याबरोबर वाहत, ते अभिसरण. विद्युतक्षेत्राच्या ओढीने, ते स्थलांतर. आणि जिथे संहती (द्रावणातलं प्रमाण) जास्त तिथून कमी संहतीकडे, ते विसरण. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक याने 1855 मध्ये नियमात बसवलं ते हे तिसरं. साधं ‘पसरणे’ लिहिलंत तर तिन्ही एकाच पोत्यात जातात.

तांब्याच्या बाबतीत तर हा फरक उलट्या दिशा दाखवतो. पाण्यातला नुसता क्युप्रिक आयन (तांब्याचा नेहमीचा आयन, Cu²⁺) धनभारित आणि निळा. क्लोराइड वाढवत नेलं की एकेक क्लोराइड त्याला चिकटतो, रंग हिरव्याकडे आणि मग पिवळटाकडे झुकतो, आणि तीन-चार क्लोराइड बसले की सगळा आयनच ऋणभारित होतो. आता विद्युतक्षेत्र त्याला ऋणाग्रापासून (ऋण इलेक्ट्रोडपासून) दूर ढकलणार. तरीही ऋणाग्राजवळचं तांबं संपत असल्यामुळे विसरण त्याला तिकडेच आणणार. इतर क्षार भरपूर असला की प्रवाह वाहण्याचं बहुतेक काम तो करतो आणि तांब्याचं स्थलांतर नगण्य होतं. तेव्हा मोजला जातो तो विसरण गुणांक (विसरण किती वेगाने होतं ते सांगणारा आकडा), आणि तोही एका आयनाचा नसून अशा अनेक रूपांचा मिळून. म्हणून शीर्षकातलं ‘आयनांचे’ हे अनेकवचन जपा. (‘हॅलाइड’मध्ये आयोडाइडही येतं खरं, पण क्युप्रिक आयन त्यात टिकत नाही, आयोडीन मोकळं होऊन क्युप्रस आयोडाइडचा साका बसतो.)

25 अंश सेल्सिअसला अतिविरल द्रावणात क्युप्रिक आयनाचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे 7 × 10⁻¹⁰ चौरस मीटर असतो. एका मिलिमीटरला साधारण बारा मिनिटं, पण अंतर दसपट केलं की वेळ शंभरपट : एका सेंटिमीटरला जवळजवळ वीस तास. संहत द्रावणात श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) वाढली की हा आकडा आणखी खाली येतो. लिथियम किंवा कॅल्शियम क्लोराइडने ती चांगलीच वाढते, पोटॅशियम क्लोराइडने फारशी नाही.

खरं तर तुमच्या शीर्षकातला मोठा दोष मला ‘तीव्र’मध्ये दिसतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत तीव्र आणि सौम्य ही जोडी पदार्थाचं आयनीभवन किती होतं ते सांगते, संहत आणि विरल ही जोडी द्रावणात तो किती आहे ते सांगते. मीठ पाण्यात चिमूटभर टाका, द्रावण विरल, पण मीठ तीव्र इलेक्ट्रोलाइटच. उलट ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) कितीही संहत असलं तरी आम्ल म्हणून सौम्य. प्रबंध संहतीविषयी असताना ‘तीव्र’ लिहिलं तर जाणकार वाचक वेगळंच समजेल. ‘सांद्र’ हिंदीतून आलेलं आहे, कळेल, पण गरज नाही. ‘संपृक्त’ तर मुळीच नको. संपृक्त म्हणजे आणखी विरघळणारच नाही असं.

माझ्या मते शीर्षक असं व्हावं : ‘संहत हॅलाइड द्रावणांतील तांब्याच्या आयनांचे विसरण’. ‘इलेक्ट्रोलाइट’ऐवजी ‘द्रावण’ घेतलं आहे ते वाचायला सुटसुटीत म्हणून. प्रबंधात वितळलेल्या क्षारांवरही प्रयोग असतील तर मात्र ‘इलेक्ट्रोलाइट’च राहू द्या, कारण त्यांना कोणी द्रावण म्हणणार नाही.