टेक कंपन्यांनी जळगाव-धुळ्याच्या डेव्हलपरांसाठी नेमकं काय करावं?

तुम्ही विचारलंय, मोठ्या टेक कंपन्यांना छोट्या शहरांतल्या डेव्हलपर मंडळींना खरंच हातभार लावायचा असेल तर त्यांनी काय करावं? मी जळगावात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, तेव्हा खानदेशापुरतं सांगतो.

आधी हॅकेथॉन कमी करा. कॉलेजात बॅनर लागतो, टी-शर्ट वाटले जातात, पोरं रात्रभर जागून ॲप उभं करतात, बक्षिसाचा फोटो लिंक्डइनवर चढतो. पुढे सर्व्हरचं बिल कोण भरणार, हे कुणी विचारत नाही. फुकटचं क्लाउड क्रेडिट, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरसाठी मिळालेली रक्कम, संपलं की ॲपही गुंडाळलं जातं.

त्यापेक्षा तो पैसा डेटावर घाला. केळीच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारं ॲप हा आपल्याकडे फायनल इयर प्रोजेक्टचा हुकमी विषय. पण करपा आणि हरण्या या दोन रोगांत गल्लत झाली तर शेतकरी बुडतो. करपा बुरशीचा, त्याला फवारणी चालते. हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), हा विषाणूचा. तो मावा या किडीमार्फत पसरतो आणि लागलेलं झाड उपटून नष्ट करण्याखेरीज इलाज नाही. ॲपने करपा सांगितला आणि माणूस फवारत बसला, की तोवर शेजारच्या झाडांना लागण. उलट चुकलं तर बरी होणारी झाडं उपटली जाणार. हा फरक मशीनला शिकवायचा तर रावेर-यावलच्या बागांतले भरपूर फोटो हवेत, मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) आणि कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली) दोन्हींचे, आणि प्रत्येक फोटोवर जाणकाराने रोगाचं नाव घातलेलं. ती जाण जळगावच्या केळी संशोधन केंद्रात आहे, पालच्या कृषी विज्ञान केंद्रात आहे. फोटो काढणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना मानधन द्या आणि डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवा. ॲप बनवायला इथली पोरं समर्थ आहेत.

बोलीचंही तसंच. ‘मराठी सपोर्ट’ आहे म्हणतात, पण अमळनेर-धुळ्याकडचा माणूस ‘तुमले काय वाटस’ असं अहिराणीत विचारतो आणि केळीच्या पट्ट्यात लेवा गणबोली चालते. मॉझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या खुल्या प्रकल्पात लोक वाक्यं वाचून आवाज देतात, ते चांगलंच आहे. पण आपल्याकडे बोली लिहायची-वाचायची सवय कमी. तेव्हा बांधावरच्या, बाजारातल्या गप्पाच परवानगीने रेकॉर्ड कराव्यात आणि त्या उतरवून घ्यायचं काम त्याच गावातल्या मुलामुलींना पैसे देऊन द्यावं.

राहिला मेंटॉर, म्हणजे शिकवणारा अनुभवी माणूस. गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) प्रोजेक्टवर काम देणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात मानधन मिळतंच, पण खरी कमाई म्हणजे कुणीतरी अनुभवी माणूस तुमचा कोड ओळ न् ओळ वाचतो. कंपन्यांनी आपल्या इंजिनिअरांचे आठवड्याचे दोन तास असे इथल्या प्रोजेक्टना द्यावेत, ऑनलाइन चालेल, फक्त वर्षभर द्यावेत. मीटअप मात्र कधीतरी जळगावात घ्या राव, दर वेळी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुणं गाठायला सगळ्यांनाच परवडत नाही.