प्राणी पहाटेचे, जहाज दुपारचं

प्रश्न : ताई, जानेवारीत आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची नात ऑस्ट्रेलियाच्या क्रूझला निघालोय. सिडनीहून मेलबर्न, होबार्ट, कांगारू आयलंड आणि परत सिडनी. सिडनीत आधी दोन दिवस हाताशी आहेत. बाकी बंदरांत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच-सहा एवढाच वेळ. नातीला कोआला कडेवर घ्यायचाय, कांगारू आणि पेंग्विन बघायचेत. मला ऑपेरा हाउस बघायचंय. ह्यांचे गुडघे फार चालू देत नाहीत. जहाजावरच्या सहली महाग वाटतात. काय धरावं, काय सोडावं? आणि फराळाचं बरोबर नेता येईल का?

उत्तर : आधी वेळेचं गणित बघा. ऑस्ट्रेलियातले बहुतेक सस्तन प्राणी पहाटे, तिन्हीसांजेला नाहीतर रात्री हिंडतात. जहाज लागतं सकाळी आणि सुटतं संध्याकाळी. म्हणजे तुम्ही जमिनीवर असाल नेमके तेव्हाच कांगारू सावलीला आडवे झालेले, वॉम्बॅट बिळात आणि कोआला फांदीच्या बेचक्यात. कोआला तर दिवसाचे अठरा-वीस तास झोपेतच असतो. निलगिरीच्या पानांत कस कमी आणि विष जास्त, ते पचवण्यातच त्याची ताकद जाते. त्यामुळे भर दुपारी ‘रानातले प्राणी दाखवतो’ म्हणणाऱ्या बससहलीवर मी तरी पैसे घालणार नाही.

कोआलाचं नातीला आत्ताच सांगून टाका, तिथे रडारड नको. न्यू साउथ वेल्स (म्हणजे सिडनी) आणि व्हिक्टोरिया (म्हणजे मेलबर्न) या दोन्ही राज्यांत पर्यटकांनी कोआला उचलून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. क्वीन्सलँडमध्ये चालतं, पण ब्रिस्बेनच्या लोन पाइन अभयारण्यानेही 2024 मध्ये हा प्रकार आपणहून थांबवला. 1927 पासून कोआला सांभाळणारी जागा आहे ती. आणि तुमचं जहाज ब्रिस्बेनला जातच नाही.

प्राण्यांसाठीचा दिवस राखा होबार्टला. इथे जहाज शहराला अगदी खेटून लागतं. ब्रायटनजवळचं बोनोरोंग अभयारण्य गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. टॅक्सी करा, पण परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा, तिथे रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळत नाही. जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांना सांभाळणारी ही जागा आहे. तिकिटाबरोबर कांगारूंसाठी खाण्याची पिशवी मिळते. फॉरेस्टर कांगारू मोकळे फिरत असतात. तळहातावर खाणं धरलं की एखादा पुढच्या दोन्ही पंजांनी तुमचं मनगटच धरतो. नखं काळी, लांब, बघून धस्स होतं, पण पकड हलकी असते. ओठ मऊ आणि ओलसर, हातावरचा शेवटचा कण टिपेपर्यंत तो सोडत नाही. नातीला सांगा, हात सपाट ठेव आणि डोक्यावरून कुरवाळू नकोस, छातीशी खाजवलेलं त्यांना आवडतं. कोआलाची कसर इथे भरून निघेल.

तिथेच टास्मानियन डेव्हिल बघा. छोट्या कुत्र्याएवढा, काळा, छातीवर बहुधा पांढरा पट्टा. तो मोठा आ वासतो ती झोपेची जांभई नसते, बिथरल्याची खूण असते. चिडला की कान लालबुंद होतात. या प्राण्याला चेहऱ्यावर गाठी येणारा कर्करोग होतो आणि तो एकमेकांना चावण्यातून पसरतो. 1996 मध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला आणि त्यानंतर रानातले डेव्हिल झपाट्याने घटले. म्हणून माहिती सांगणारा कर्मचारी बोलत असताना फोटोंच्या मागे लागू नका, ऐका. परतल्यावर वेळ उरला आणि वार शनिवार असला तर सालामांकाचा बाजार धक्क्यापासून फार लांब नाही.

पेंग्विन परेड, म्हणजे अंधार पडताना समुद्रातून किनाऱ्यावर परतणारे पेंग्विन बघणं, सोडा. मेलबर्नहून फिलिप आयलंड सुमारे 140 किलोमीटर, आणि जानेवारीत अंधार पडतो नऊच्या सुमाराला. पेंग्विन किनाऱ्याला लागतील तेव्हा तुमचं जहाज समुद्रात असेल. (तिथे फोटो काढायलाही मनाई आहे, तेव्हा व्हॉट्सॲपवर दाखवायला तसंही काही मिळालं नसतं.) मेलबर्नला जहाज स्टेशन पियरला लागतं. तिथून जवळच बीकन कोव्हचा थांबा आहे, 109 नंबरची ट्राम थेट शहरात नेते. ट्रामसाठी मायकी नावाचं प्रवासाचं कार्ड घ्या, मोफत ट्रामचा पट्टा शहराच्या मध्यात आहे, बंदरापर्यंत नाही. शहरात फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन, होझियर लेनमधल्या रंगवलेल्या भिंती, आणि मग कुठेतरी बसून कॉफी. गुडघ्यांचा विचार केला तर एवढं पुरे.

पेंग्विनचं काम सिडनीत उरका. सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून टरोंगा प्राणिसंग्रहालयाची फेरी बारा-एक मिनिटांत पोचते आणि तिथे लिटल पेंग्विन आहेत, उंची जेमतेम फूटभर. संग्रहालय डोंगरउतारावर आहे. धक्क्यावरून बसने वरच्या दाराशी जा आणि उतरत खाली या, उलटं करू नका. जिराफांच्या मानांमागे अख्खं बंदर आणि ऑपेरा हाउस दिसतं. फेरीला वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं.

ऑपेरा हाउस लांबून सगळेच बघतात. तुम्ही पायऱ्या चढून छताच्या फरशांना हात लावा. दहा लाखांहून जास्त फरशा आहेत आणि पांढरीशुभ्र त्यात एकही नाही. काही चकचकीत, काही सायीच्या रंगाच्या, म्हणून उन्हात ते डोळ्यांवर येत नाही. आराखडा योर्न उट्झनचा. सरकारशी खटके उडाले आणि 1966 मध्ये तो देश सोडून गेला. 1973 मध्ये इमारत खुली झाली, पण पुरी झालेली ती त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नाही. मला तिथे उभं राहिलं की वास्तूपेक्षा हाच माणूस आठवतो. हार्बर ब्रिजवर दोर बांधून चढण्याच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा मॅनलीची फेरी घ्या, अर्धा तास बसल्या बसल्या सगळं बंदर नजरेखालून जातं.

आणि खरे रानातले जीव फुकटात बघायचे तर बोटॅनिक गार्डनच्या बाकावर बसा. पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे डोक्यावर कर्कश ओरडतात, कुकाबरा पक्षी हातातलं सँडविच पळवतो, आणि लांब वाकड्या चोचीचा कुदळ्या कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून बसलेला असतो. यांना जहाजाच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नाही.

कांगारू आयलंडला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने पेनेशॉला उतरायचं, आणि समुद्र खवळला तर उतरणंच रद्द. इथे मात्र जहाजाचीच सहल घ्या, सील बेची. वाहनं मोजकी, अंतरं मोठी. सील बेला सी लायन भर दुपारी वाळूत पसरलेले दिसतात, कारण समुद्रात सलग दोन-तीन दिवस शिकार करून ते थकून आलेले असतात. वाळूत उतरायचं तर वनरक्षकाबरोबरच, आणि गुडघ्यांसाठी लाकडी पायवाट आहे. ही सहल गाळू नका, भर दिवसा मोकळ्या निसर्गात दिसणारा मोठा प्राणी तुमच्या वाटेवर हाच आहे... अर्थात तोही पेंगतच असतो!

फराळाचं : पेढे, बर्फी, दुधाची कुठलीही मिठाई नेऊ नका, अडवतात. चिवडा-चकली नेलीत तर प्रवेशाच्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट लिहा. सांगितलं आणि नाही चाललं तर काढून घेतात, लपवलं तर दंड बसतो. टास्मानियाचे नियम आणखी वेगळे आहेत. न्याहारीला उचललेलं केळं किंवा सफरचंद पर्समध्ये घालून होबार्टला उतरू नका, धक्क्यावर हुंगणारे कुत्रे असतात. कांगारू आयलंडवर बाहेरचा मध न्यायलाही बंदी आहे. ह्यांना सकाळी मध-लिंबू लागत असेल, तर त्या दिवसापुरतं ते जहाजावरच पिऊन मग उतरा.