आजींना विचारले का कुणी?

प्रश्न : ताई, माझे वय २८. वडिलांच्या नोकरीमुळे मी बोत्स्वानात, गाबोरोनमध्येच वाढले. सोबत काम करणाऱ्या एका त्स्वाना मुलाशी मला लग्न करायचे आहे. मुलगा चांगला आहे हे आईलाही मान्य आहे, पण ‘साताऱ्याला आजीला धक्का बसेल, लोक काय म्हणतील’ यापुढे बोलणे सरकत नाही. गणपतीतला फोटोही आईने त्याच्यापुरता कापून मगच नातेवाइकांना पाठवला.

उत्तर : तुमच्या शहरातल्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे, त्या सर सेरेत्से खामांची, म्हणजे तिथल्या एका त्स्वाना जमातीच्या प्रमुखपदाच्या वारसाची, गोष्ट आईबाबांना ठाऊक असेलच, तरी तिचा एक भाग त्यांच्यासमोर पुन्हा काढा. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, तेव्हा १९४७ साली लंडनमध्ये त्यांची ओळख रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी झाली. चर्चने लग्न लावले नाही, म्हणून २९ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. काका त्शेकेदी बिथरले. त्यांचा राग केवळ रंगावर नव्हता; प्रमुखाचे लग्न जमातीला विचारून व्हावे, ही रीत मोडल्याचाही होता. पुढे जून १९४९ मध्ये सेरोवेच्या क्गोत्लात, म्हणजे त्यांच्या गावसभेत, सेरेत्सेंनी लोकांनाच उघड विचारले, तेव्हा रूथला स्वीकारायला जवळजवळ सारी सभा उभी राहिली. आडवे आले ते ब्रिटिश सरकार. दक्षिण आफ्रिकेने मिश्रविवाहांवर नुकतीच बंदी घातली होती आणि युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला तिथले सोने व युरेनियम हवे होते. त्यामुळे सेरेत्सेंना हद्दपारी भोगावी लागली आणि १९५६ मध्ये प्रमुखपद सोडल्यावरच घरी परतता आले. १९६६ मध्ये ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

म्हणून गुपचूप नोंदणी करून नंतर कळवण्याचा विचार मनात असेल, तर तो आधी काढून टाका. मुलाच्या मामा-काकांना रीतसर घरी बोलवा. तिकडे बोगाडी म्हणून वराकडची मंडळी गाई देतात, हे ऐकून तुमचे बाबा क्षणभर गोंधळतील, पण हुंड्यापेक्षा ती पद्धत मला तरी बरी वाटते.

आणि आजींच्या नावाने सगळे बोलत आहेत, आजी सोडून. त्यांना तुम्हीच फोन करा आणि त्याआधी न कापलेला फोटो पाठवा. ‘हा कोण गं?’ असे त्या विचारतीलच. तेव्हा ‘ऑफिसातला मित्र’ म्हणून वेळ मारून नेऊ नका.