जिवंत पेशींपासून लेसर बनतो म्हणे. वडिलांच्या डोळ्याचं लेसर तोवर थांबवावं का?

नाही. अपॉइंटमेंट मिळाली असेल तर जा.

आमच्या घरी बाबा असेच लेसर करायचे थांबले होते. २०११ साल, लालबागची चाळ. बाबांची साखर जुनी, डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या. हातात पिवळा डाय टोचून फोटो काढले (दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी हळदीसारखी, आई घाबरली), आणि डॉक्टरांनी लेसर सांगितलं. त्याच सुमारास दादाने पेपरात वाचलं की अमेरिकेत माल्टे गाथर आणि सोक ह्युन युन या शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीचा लेसर केला. झालं. "बाबा, हा जाळणारा लेसर. जिवंतवाला येतोय, वर्षभर कळ काढा." बाबांना तेच ऐकायचं होतं.

मी तेव्हा लॅब टेक्निशियन. रोज फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपवर (त्यात पेशी चमकवून बघतात) बसायचे, पण घरात धाकटी. कानीकपाळी ओरडून सांगितलं की त्यांनी मूत्रपिंडाच्या पेशीत जेलीफिशचं हिरवं प्रथिन बनवून घेतलंय, २००८ चं नोबेल मिळालं तेच. नुसतं चमकणं म्हणजे लेसर नव्हे, चमकतो तर बाबांचा डायसुद्धा. ती एक पेशी त्यांनी २० मायक्रॉनवर समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांमध्ये धरली, सलूनमध्ये असतात तसे. वरून निळ्या प्रकाशाचे झटके दिले. हिरवा प्रकाश आरशांमध्ये ये-जा करत पेशीतून जाताना दर खेपेला वाढतो, आणि मग लेसर. त्यात ती पेशी मरतसुद्धा नाही! जो पेशीलाही मारत नाही, तो रक्तवाहिन्या काय सुकवणार? डोळ्याच्या लेसरचं कामच मुळी जाळणं. पडद्याच्या कडेला बारीक डाग देतात, तिथली ऑक्सिजनची मागणी घटते, नव्या वाहिन्या आक्रसतात. दादा म्हणाला, "तू स्लाइडी रंगव."

आठ महिन्यांनी दाढी करताना बाबा म्हणाले, आरशावर जाळं धरलंय. आरशावर नव्हतं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. तो डोळा पुढे फारसा कामाचा राहिला नाही. डावा लेसरनेच वाचला, त्या जाळणाऱ्या.

पेशींचा लेसर खोटा आहे असं म्हणत नाही, कमाल आहे. २०१५ मध्ये युन यांच्याच गटाने डुकराच्या चरबीच्या पेशीतल्या तेलाच्या थेंबातून लेसर काढला, आरशांशिवाय. विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज भिंतीलगत फिरते, तसा प्रकाश थेंबाच्या आत कडेकडेने फिरतो. पेशीत बारीक मणी घातला तर प्रत्येक मण्यातून निघणाऱ्या लेसरचा रंग किंचित वेगळा, म्हणजे पेशीला बारकोडच. २०२० मध्ये झेब्राफिशच्या धडधडत्या हृदयाचं आकुंचन अशा मण्यांनी मोजलं. पण हे सगळं बातमी आणणं झालं, उपचार नव्हे. दादाला हा फरक अजून कळलेला नाही. परवा फॅमिली ग्रुपवर त्याने पुन्हा तसलीच बातमी टाकली.

हां, मी डॉक्टर नाही. हल्ली डोळ्यात इंजेक्शनंही देतात, काहींना तीच आधी देतात, ते तुमचे रेटिनावाले ठरवतील. फक्त घरात "थांबू या" म्हणणारा जो कोण असेल त्याला तपासणीला सोबत न्या. आम्ही दादाला नेलं नव्हतं.